बिझीबॉक्स: पीसीवर नीट चालणारी स्क्रिप्ट बोर्डवर आठवड्याभरात मेमरी संपवते

मृणाल (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे एकाच गोष्टीच्या मागे आहे आणि आता माझी मती कुंठित झाली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बोर्ड साधा आहे. एआरएम प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश. त्यावर लिनक्स कर्नल, बिझीबॉक्स (एलएस, पीएस, किल अशा नेहमीच्या लिनक्स कमांड एकाच छोट्या फाइलमध्ये देणारा प्रोग्रॅम) आणि टाकीतल्या पाण्याची पातळी मोजून पुढे पाठवणारा एक प्रोग्रॅम, बस. त्या प्रोग्रॅमला इथे 'मापक' म्हणू. तो आम्ही लिहिलेला नाही. सेन्सर पुरवणाऱ्यांकडून तयार बायनरी आली, सोर्स मिळत नाही. आणि तो हळूहळू मेमरी खात जातो, हे आम्हाला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

त्यावर मी असा तोडगा काढला: रात्री दोन वाजता क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, एक स्क्रिप्ट चालवायची. चालू असलेला मापक मारायचा, पाच सेकंद थांबायचं, नवा सुरू करायचा. मारण्याची ओळ आपण सगळेच लिहितो तशी आहे. पीएस एयूएक्सचं आउटपुट, म्हणजे चालू प्रोसेसची यादी, मापकाच्या ओळी शोधायला ग्रेपला द्यायचं, ग्रेपची स्वतःची ओळ गाळून टाकायची, उरलेल्यातला दुसरा कॉलम (प्रोसेसचा नंबर, म्हणजे पीआयडी) ऑकने उचलायचा आणि एक्सआर्ग्जमार्फत किलच्या हातात द्यायचा. एखाद्या वेळी मापक आधीच मेलेला असेल तर उगाच आरडाओरडा नको म्हणून एरर सगळे /डेव्ह/नलमध्ये, म्हणजे जिथे टाकलेलं सगळं नाहीसं होतं तिथे.

पीसीवर ही स्क्रिप्ट मी शंभर वेळा तरी चालवून पाहिली असेल. एकदाही चुकली नाही. बोर्डवर मात्र सहाव्या नाहीतर सातव्या दिवशी सगळं मंदावतं, मग कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' येतं आणि ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) मिळेल त्याचा बळी घेतो. एकदा तर क्रॉनच गेला आणि बोर्ड चार दिवस तसाच पडून होता.

सोबतच्या एकाचं म्हणणं आहे की बिझीबॉक्सचं किल आणि पीएस अर्धवट असतं, ते काढून याच कमांडांचे पीसीवरचे पूर्ण संच, म्हणजे कोअरयुटिल्स, प्रोकपीएस आणि बॅश शेल, टाका. फ्लॅशवर जेमतेम ३ एमबी शिल्लक आहेत. असे चाळीस बोर्ड पुढच्या महिन्यात बाहेर जाणार आहेत. तिथे जाऊन दर आठवड्याला कोण रीसेट करणार?

बिझीबॉक्स १.३६.१, डीफकॉन्फिगवरून (तयार मिळणाऱ्या सेटिंगवरून) मी स्वतः बांधलेलं, स्टॅटिक (लागणाऱ्या लायब्ररी फाइलच्या आतच घेतलेलं). मला ते सोडायचं नाही. पण नेमकं कुठे बिनसतंय हे कळल्याशिवाय चाळीस बोर्डांवर सही करायची माझी तयारी नाही.

हेमंत

मृणालताई, सगळ्यात आधी /डेव्ह/नलकडे जाणारी वाट बंद करा. मग मारण्याची ती एकच ओळ सीरियल कन्सोलवर हाताने चालवा आणि स्क्रीनवर काय येतं ते जसंच्या तसं लिहा. त्याच्याबरोबर बोर्डवरच्या पीएसची पहिली ओळ, म्हणजे कॉलमांची नावं, तीही द्या. मला अंदाज आहे, पण तो तुमच्या डोळ्यांनी दिसू दे.

मृणाल

हेमंत सर, आत्ताच केलं. सहा ओळी आल्या, सहाही एकसारख्या:

किल: इनव्हॅलिड नंबर 'रूट'

पीएसची पहिली ओळ: पीआयडी, यूजर, टाइम, कमांड.

आणि खाली मापक सहा वेळा आहे. सहा! गेल्या मंगळवारी बोर्ड सुरू केला होता, म्हणजे रोजचा एक. जुना कधी मेलाच नाही, दर रात्री त्याच्या शेजारी नवा येऊन बसला.

पीसीवर पहिला कॉलम यूजर आणि दुसरा पीआयडी असतो. इथे उलट आहे. मी तीन आठवडे कर्नलचे मेमरी मॅप वाचत बसले होते.

जाता जाता अजून एक विचारते. याच बोर्डवर पिंगला आयपी दिला की चालतं, पण फाइल उतरवणाऱ्या डब्ल्यूगेटला सर्व्हरचं नाव दिलं की 'बॅड अ‍ॅड्रेस' म्हणतं. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ, म्हणजे नावाचा आयपी कोणाला विचारायचा ते सांगणारी फाइल, बरोबर आहे. याचा वरच्या भानगडीशी काही संबंध?

हेमंत

झालं तर मग. तुमचं किल ठणठणीत आहे. त्याला तुम्ही 'रूट' नावाच्या प्रोसेसला मारायला सांगत होतात आणि ते प्रामाणिकपणे म्हणत होतं, हा काही नंबर नाही. ते म्हणणं तुम्ही नलमध्ये टाकलंत.

यात तुमची एकटीची चूक नाही. पीएस एयूएक्स आणि ऑकचा दुसरा कॉलम ही जोडी इतक्या ठिकाणी छापलेली आहे की ती कायदाच वाटायला लागते. बिझीबॉक्सचं पीएस 'एयूएक्स' हे शब्द निमूटपणे ऐकून घेतं, नाही म्हणत नाही, पण कॉलम स्वतःचेच दाखवतं. नाही म्हटलं असतं तर तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं. आणि तुमच्याकडे डीफकॉन्फिग आहे म्हणून टाइम दिसतोय. मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे बांधण्याआधी ऑप्शन निवडायच्या मेनूत, डेस्कटॉप हा ऑप्शन बंद करून बांधलेल्या बिझीबॉक्समध्ये पीआयडी, यूजर, व्हीएसझेड, स्टॅट, कमांड असा क्रम येतो. म्हणजे एकाच आवृत्तीच्या दोन बिझीबॉक्समध्येसुद्धा कॉलम वेगळे असू शकतात. कॉलमचा नंबर मोजून काम करणं इथे सोडूनच द्या.

मलाही हा धडा महागात मिळाला आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका डेटा लॉगरवर मी रोजच्या लॉगची टार फाइल करत असे. फाइलच्या नावात कालची तारीख हवी म्हणून डेटला 'वन डे अ‍ॅगो' असं सांगितलं होतं. पीसीवरच्या डेटला ही भाषा समजते, बिझीबॉक्सच्या डेटला समजत नाही. ते 'इनव्हॅलिड डेट' म्हणतं आणि आउटपुट रिकामं सोडतं. परिणाम असा की रोज 'लॉग-.टार' याच नावाची फाइल बनायची आणि आदल्या दिवशीचीवर लिहिली जायची. पाच महिन्यांनी डेटा आणायला गेलो तर कार्डावर एका दिवसाचा लॉग. पाच महिन्यांची मोजमापं गेली, ती परत येण्यासारखी नव्हती. तेव्हापासून मी आत्ताच्या सेकंदांतून ८६४०० वजा करतो आणि उत्तर @ लावून डेटला देतो. हे बिझीबॉक्सलाही कळतं आणि पीसीलाही.

आता तुमच्या मापकाबद्दल. सरळ रस्ता म्हणजे पिडऑफ. नाव द्या, पीआयडी घ्या, मधे ग्रेपही नको आणि ऑकही नको. किंवा थेट किलऑल. पीएसच हवं असेल तर कॉलम नावाने मागा: -ई -ओ आणि पुढे पीआयडी, कॉम. तुमच्या बिझीबॉक्समध्ये डेस्कटॉप चालू असल्याने ते चालेल, आणि पीसीवरही तेच उत्तर देईल.

पण मी तुमच्या जागी असतो तर मारणं आणि सुरू करणं ही दोन कामं एकाच स्क्रिप्टला दिलीच नसती. बिझीबॉक्समध्ये इनिट, म्हणजे सगळ्यात आधी सुरू होऊन बाकी प्रोसेस उभ्या करणारा प्रोग्रॅम, आहे, त्याला हे काम द्या. त्याच्या इनिटटॅब या फाइलमध्ये मापकाची एक ओळ लिहायची, कृती 'रीस्पॉन'. मेला की इनिट त्याला पुन्हा उभा करतो. मग रात्रीच्या क्रॉनला एवढंच सांगायचं: किलऑल मापक. आणि दिवसा मापक आपण होऊन कोसळला तरी तो उठेल, जे तुमच्या आजच्या स्क्रिप्टने कधीच झालं नसतं.

इनिटटॅब लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. पीसीवरच्या जुन्या इनिटटॅबची ओळ उचलून आणू नका. तिथे पहिला रकाना म्हणजे नुसती ओळख असते. इथे तो टीटीवायचं नाव असतो, कोणत्या टर्मिनलवर चालवायचं ते. मापकाला टर्मिनल नको, म्हणून रिकामा ठेवा. दुसरा रकाना रनलेव्हलचा. बिझीबॉक्सच्या इनिटला रनलेव्हल माहीतच नाहीत, तोही रिकामा. म्हणून ओळ दोन कोलनांनीच सुरू होते. लिहून झालं की एक नंबरच्या प्रोसेसला हप सिग्नल द्या, इनिट फाइल पुन्हा वाचतो. रीबूटची गरज नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मापक सुरू झाल्यावर स्वतःहून बॅकग्राउंडला जातो का ते आधी पाहा. तसं असेल तर इनिटने सुरू केलेली मूळ प्रोसेस लगेच संपते, इनिटला वाटतं मापक मेला, तो दुसरा उभा करतो, तोही बॅकग्राउंडला जातो. आठवड्याचं काम मग काही मिनिटांत होईल. अशा प्रोग्रॅमला बहुतेक वेळा फोरग्राउंडमध्ये राहायचा ऑप्शन असतो, तो शोधा.

डब्ल्यूगेटचा विषय वेगळा आहे, त्यावर सलील जास्त चांगलं सांगेल. त्याने तो भोगला आहे.

सलील

हो, भोगला आहे.

मृणालताई, तुमची टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरेंचा संच) जुनी आणि जीलिबसी या सी लायब्ररीवाली आहे का? स्टॅटिक बांधताना लिंकरने एक वॉर्निंग दिली असेल, नावाचा आयपी शोधणाऱ्या गेटअ‍ॅड्रइन्फोबद्दल. आपण ती वाचत नाही, कारण शेवटी फाइल तयार होते. तिचा अर्थ असा: बायनरी म्हणायला स्टॅटिक आहे, पण नावाचा आयपी शोधायची वेळ आली की जुनी जीलिबसी आपल्या एनएसएसच्या (नाव शोधण्याच्या) शेअर्ड लायब्ररी चालू प्रोग्रॅममध्ये लोड करायला जाते. त्या तुमच्या फ्लॅशवर नाहीत. आयपी दिला की शोधायचं काही नसतं, म्हणून पिंग चालतं. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीवर बांधलेल्या टूलचेनने पुन्हा बांधा. मसलमध्ये नाव शोधण्याचा कोड आतच असतो, बाहेरून काही लागत नाही. बायनरीही लहान होते. अल्पाइन लिनक्स मसल आणि बिझीबॉक्स याच जोडीवर उभं आहे, तेव्हा जोडी जमेल की नाही याची काळजी नको.

आता ते पूर्ण प्रोकपीएस आणि बॅश टाकायचं. तुमच्या सोबतच्यांना दुखवायचं नाही, पण त्यात एक खड्डा आहे. मेनूकॉन्फिगच्या शेलच्या भागात 'स्टँडअलोन शेल' असा ऑप्शन आहे. तो चालू असेल तर बिझीबॉक्सचं शेल अ‍ॅश पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) बघतच नाही. आधी स्वतःच्या पोटातली कमांड, म्हणजे अ‍ॅप्लेट शोधतं. तुम्ही खरं पीएस आणून ठेवलंत, पाथमध्ये सगळ्यात पुढे ठेवलंत, तरी स्क्रिप्टमध्ये नुसतं पीएस लिहिलं की चालेल ते बिझीबॉक्सचंच. मग पुन्हा तीन आठवडे.

पण या ऑप्शनबद्दल मला फार आपुलकी आहे. एकदा त्याने माझा बोर्ड वाचवला.

चालू बोर्डवर बिझीबॉक्सची नवी आवृत्ती टाकायची होती. जुन्यावर थेट कॉपी करायला गेलो तर 'टेक्स्ट फाइल बिझी'. फाइल चालू आहे, तिच्यावर लिहिता येणार नाही. घाई होती. म्हटलं आधी जुनी काढू, मग नवी ठेवू. आरएम केलं. एंटर दाबल्यावर लक्षात आलं की एलएस, सीपी, एमव्ही, माउंट, लॉगिन, इनिट ही सगळी त्या एकाच फाइलकडे बोट दाखवणारी सिमलिंक आहेत. आणि नवी फाइल अजून नेटवर्कच्या पलीकडे होती, ती आणणारं डब्ल्यूगेटसुद्धा त्यातलंच.

दुसऱ्या खिडकीतून टेलनेट केलं. जोडलं गेलं आणि लगेच तुटलं, कारण लॉगिन उरलं नव्हतं. पॉवर घालवली असती तर कर्नलने 'नो वर्किंग इनिट फाउंड' म्हणून पॅनिक केलं असतं, आणि बोर्ड छताखालच्या एका पेटीत बंद होता.

पहिल्या खिडकीतलं शेल मात्र जिवंत होतं. सवयीने एलएस टाइप केलं आणि यादी आली! फाइल नाही, तरी एलएस चालतंय. मिनिटभर मी नुसता बघत राहिलो. मग कळलं. लिनक्समध्ये फाइलचं नाव काढलं तरी कोणीतरी ती चालवत असेपर्यंत तिचा डेटा डिस्कवर राहतो. आणि स्टँडअलोन शेल आपली अ‍ॅप्लेट नावाने शोधतच नाही, ते /प्रॉक/सेल्फ/एक्झे या वाटेने स्वतःलाच पुन्हा हाक मारतं. म्हणजे नाव गेलेलं बिझीबॉक्स त्या शेलच्या आत शाबूत होतं. सीपीने /प्रॉक/सेल्फ/एक्झे उचलून /बिन/बिझीबॉक्स या नावाने ठेवलं, चमॉडने चालवायची परवानगी दिली, सिंक केलं. दुसऱ्या खिडकीत लॉगिनचा प्रॉम्प्ट आला तेव्हा कुठे मी खुर्चीत मागे टेकलो.

हा ऑप्शन बंद असता तर ते शेल उघडं राहूनही काही कामाचं नव्हतं. एको, रीड, सीडी असे शेलच्या आतले मोजके बिल्टइन उरले असते. एकोला * देऊन फाइलींची यादी बघता येते, फाइलची ओळ न ओळ रीडने वाचता येते. पण फाइल बनवून तिला चालवायची परवानगी देता येत नाही, आणि मग सगळं अडतं.

म्हणून चाळीस बोर्डांसाठी सांगतो: बिझीबॉक्स बदलताना नवी फाइल त्याच फोल्डरात वेगळ्या नावाने आणा, परवानगी द्या, ती नवी फाइल थेट चालवून बघा, सिंक करा, आणि मग एमव्हीने जुन्या नावावर सरकवा. एकाच फाइलसिस्टिमवर एमव्ही म्हणजे नुसतं नाव बदलणं. ते एका झटक्यात होतं, मधे असा क्षण येतच नाही जेव्हा /बिन/बिझीबॉक्स अस्तित्वात नाही.

मृणाल

सलील, तुमचं वाचताना माझाच हात कीबोर्डवरून उठला. आमची अपडेटची स्क्रिप्ट मी आत्ता उघडून पाहिली. त्यात आरएम आणि मग सीपी आहे. मीच लिहिलेलं. आज रात्रीच बदलते.

टूलचेन जुनीच आहे, बोर्डबरोबर आलेली. आणि ती वॉर्निंग बिल्डच्या लॉगमध्ये आहे, तीन वेळा.

एक मूळ शंका राहते. एकाच फाइलमध्ये तीनशेच्या वर कमांड कोंबल्या आहेत, तर तिला कसं कळतं आत्ता कोणती व्हायचंय? आणि आमच्या ऑफिसात असंही विचारलं जातंय की हे विकायच्या वस्तूत टाकलं तर परवान्याचं काय? मला नीट उत्तर देता आलं नाही.

अनघा

मृणाल, पहिल्या शंकेचं उत्तर वाटतं त्याहून सोपं आहे. प्रोग्रॅम सुरू होताना त्याला कोणत्या नावाने हाक मारली हे कर्नल त्याला सांगतो, सी मधलं आर्गव्ही शून्य. बिझीबॉक्स त्या नावातला शेवटचा तुकडा बघतं. एलएस असेल तर एलएस होतं, ऑक असेल तर ऑक. करून बघ: बिझीबॉक्सला एक सिमलिंक दे, नाव काहीही, समज 'पातळी'. चालवलंस की म्हणेल, अ‍ॅप्लेट सापडलं नाही. नाव पोचलं, त्या नावाचं काम मात्र त्याच्याकडे नाही.

यात जागा वाचते ती कशी, तेही सांगते. स्टॅटिक बांधलेल्या तीनशे वेगळ्या फाइल असत्या तर तीनशे ठिकाणी सी लायब्ररीचे तेच ते तुकडे आले असते. इथे ते एकदाच. शिवाय ऑप्शन वाचणं, फाइलमधून ओळ उचलणं, एररचा मजकूर छापणं, आकडा तपासणं हे सगळ्या अ‍ॅप्लेटना लागतं आणि सगळ्यांसाठी एकच कोड आहे. तुला दिसलेलं 'इनव्हॅलिड नंबर' हे वाक्य बाकी अ‍ॅप्लेटही वापरतात. म्हणून इतकं सगळं मिळून साधारण एक एमबीच्या आसपास बसतं.

हा काटकसरीचा स्वभाव जन्मापासूनचा आहे. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये हे डेबियनसाठी सुरू केलं. बूट होणारी, डेबियन बसवू शकणारी आणि अडचणीत मशीन वाचवू शकणारी पूर्ण सिस्टिम एका फ्लॉपीवर मावायला हवी होती. फ्लॉपी म्हणजे १.४४ एमबी, आणि कर्नलही त्यातच. १९९६ मध्ये त्यांनी आपल्यापुरतं काम पूर्ण झाल्याचं सांगितलं. नंतर ते एरिक अँडरसन यांनी वाढवलं, थोडा काळ रॉब लँडली यांनी सांभाळलं, आणि २००६ पासून डेनिस व्लासेन्को सांभाळत आहेत. मला या यादीबद्दल मनापासून आदर आहे. इतक्या वर्षांत इतके लोक आले, कोणीही 'आता फ्लॅश स्वस्त झाली, जाऊ दे' असं म्हणून हात सैल सोडला नाही.

परवाना म्हणजे जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याची दुसरी आवृत्ती, फक्त दुसरी. तुम्ही बोर्डमध्ये टाकून कोणाला दिलं की घेणाऱ्याला त्या बायनरीचा सोर्स मिळायला हवा. सोबत द्या, नाहीतर मागेल त्याला देऊ असं लेखी द्या, आणि ते किमान तीन वर्षं लागू असायला हवं. सोर्स म्हणजे वेबवरून कुठलीतरी आवृत्ती नव्हे. तुम्ही जी बांधली तीच, तुमचे बदल, तुमची कॉन्फिग फाइल आणि बांधण्याच्या स्क्रिप्टसकट. ऑफिसात हे हलक्यात घेत असतील तर सांग, अमेरिकेत जीपीएल मोडल्याबद्दलचा पहिला मानला जाणारा खटला २००७ मध्ये बिझीबॉक्सच्याच दोन डेव्हलपरांच्या वतीने दाखल झाला होता. तो तडजोडीने मिटला, पण तिथवर जायची वेळ का आणायची? मापक हा स्वतंत्र प्रोग्रॅम आहे, बिझीबॉक्स त्याला नुसतं सुरू करतं, त्यामुळे त्याचा सोर्स यात येत नाही.

याच कामाचा टॉयबॉक्सही आहे, रॉब लँडली यांनीच सुरू केलेला, परवाना जवळजवळ काहीही न मागणारा. अँड्रॉइडमध्ये तो आहे. पण परवान्याच्या कंटाळ्याने तिकडे जाणार असशील तर मी म्हणेन नको. सोर्सची एक टार फाइल प्रत्येक रिलीजबरोबर ठेवणं हे पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि ज्यांच्या श्रमावर आपलं यंत्र चालतं त्यांचं तेवढंच मागणं आहे.

हेमंत

अनघाने सांगितलं त्यात एक पुरवणी. चाळीस बोर्ड जायच्या आधी तुमच्या कॉन्फिगने पीसीसाठीही एक बिझीबॉक्स बांधा, त्यात स्टँडअलोन शेल चालू ठेवा, आणि सगळ्या स्क्रिप्ट त्याच्या अ‍ॅशमध्ये चालवून बघा. मग पीसीचं ग्रेप, पीसीचं डेट, पीसीचं पीएस मधे येतच नाही. ग्रेपला बिझीबॉक्समध्ये नसलेला कॅपिटल पी दिलेला असेल, बॅशचे अ‍ॅरे वापरले असतील, तर तिथेच समोर येईल. तुमचं पीएससुद्धा टेबलावरच सापडलं असतं.

मृणाल

सगळ्यांना कळवायचं म्हणून उशिरा लिहिते, बोर्ड काही दिवस चालू द्यायचा होता.

मापक खरंच बॅकग्राउंडला जाणारा निघाला. हेमंत सरांचा इशारा वाचून आधी हाताने चालवला, प्रॉम्प्ट ताबडतोब परत आला. त्याच्या मदतीच्या मजकुरात फोरग्राउंडचा ऑप्शन होता, सगळ्यात खाली. तो घालून इनिटटॅबमध्ये ओळ लिहिली, हप दिला. मग मुद्दाम किलऑल केलं आणि दोन सेकंदांनी पिडऑफ: नवा आकडा, एकच.

मसलच्या टूलचेनने पुन्हा बांधलं, डब्ल्यूगेट नावाने चालतंय. स्टँडअलोन शेल चालू केलं आहे. अपडेटच्या स्क्रिप्टमधलं आरएम गेलं, तिथे एमव्ही आलं, आणि ते मी अपडेट चालू असताना मधेच पॉवर काढून पाच वेळा तपासलं. पाचही वेळा बोर्ड उठला, कधी जुन्या बिझीबॉक्सवर, कधी नव्या.

हेमंत सर, पीसीवर तुमच्या पद्धतीने अकरा स्क्रिप्ट चालवल्या. तीन पडल्या. दोन ठिकाणी ग्रेपचा कॅपिटल पी, आणि एका ठिकाणी डेटला 'यस्टरडे' सांगितलं होतं. ती तिसरी स्क्रिप्ट पाण्याच्या पातळीच्या रोजच्या फाइलचं नाव ठरवते. तुमचा लॉगरचा अनुभव मी नुसता वाचून सोडला असता तर आमच्याही फाइली एकमेकींवर लिहिल्या गेल्या असत्या.

आज बारावा दिवस. /डेव्ह/नल कुठल्याच स्क्रिप्टमध्ये नाही, सगळे एरर सिसलॉगमध्ये जातात आणि मी सकाळी लॉगरीड करून वाचते. रात्री दोन वाजून एक सेकंदाला मापक मेला आणि इनिटने नवा उभा केला, एवढ्या ओळी आहेत. सोर्सची टार फाइल आणि कॉन्फिग पहिल्या दहा बोर्डांच्या खोक्यात गेली.